ईसीजी नॉर्मल होता, मग अटॅक कसा?

प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो. वडील, वय ६२. पहाटे ४ ला छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं जड झालं, घाम फुटला, ॲसिडिटी असेल म्हणून गोळी घेतली, अर्ध्या तासात बरं वाटलं आणि परत झोपले. ८ ला पुन्हा तेच, ९ ला इमर्जन्सीत पोचले. ईसीजी नॉर्मल. तरी घरी सोडलं नाही, ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी केली ती किंचित वाढलेली, दोन तासांनी परत केली तर बरीच वर, मग सांगितलं की हा अटॅकच आहे, एनस्टेमी, म्हणजे ज्यात वाहिनी बहुतेक वेळा पूर्ण बंद नसते तो प्रकार, आणि अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी सकाळी, एक स्टेंट. आता मुलाचं म्हणणं असं की ईसीजी नॉर्मल होता तर अटॅक कसा, आणि अटॅक होता तर रात्रभर ठेवून कशाला घेतलं, ऑफिसातल्या एकाला तर दारातनं थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नेलं होतं. आमच्याकडे हलगर्जीपणा झाला का?

मी गेली वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून हॉस्पिटलात काही चुकलेलं दिसत नाही, उलट नॉर्मल ईसीजी हातात असूनही ज्याने तुमच्या वडिलांना घरी पाठवलं नाही त्या ड्युटी डॉक्टरला एकदा थँक्यू म्हणा. वेळ गेला तो पहाटे ४ ते ८ मध्ये. त्यालाही मी चूक म्हणणार नाही, कारण गोळी घेतल्यावर दुखणं गेलं की कुणालाही वाटणार की ॲसिडिटीच होती. आमच्यातले डॉक्टरसुद्धा स्वतःच्या छातीत दुखलं की हेच करतात, मी पाहिलंय.

आता दुखणं गेलं कसं? ते कळलं की बाकी सगळं कळतं. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा साठा असतो, प्लाक म्हणतो आम्ही त्याला, वरनं एक पातळ आवरण असतं. ते आवरण फाटलं किंवा वरचा थर खरवडला गेला की आतला माल रक्ताला उघडा पडतो, प्लेटलेट तिथे येऊन चिकटतात आणि गुठळी व्हायला लागते. लोकांना वाटतं ब्लॉक हळूहळू ५०, ७०, ९० टक्के होत जातो आणि १०० झाला की अटॅक. तसं नसतं. बरेच अटॅक अशा प्लाकमुळे येतात की जो आदल्या दिवशी जेमतेम निम्मी वाट अडवून बसला होता, म्हणून तर गेल्या महिन्यात ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आली होती हो, असं सांगणारे पेशंट आम्हाला नेहमी भेटतात. टेस्ट खोटी नव्हती, ती अरुंद वाट शोधते, फुटायला आलेला प्लाक तिला दिसत नाही.

तर ही गुठळी एकदम होऊन बसून राहते असं नाही. ती वाढते, शरीर स्वतःच ती थोडी विरघळवतं, थोडं रक्त सुटतं, परत वाढते. पहाटे ४ ला वाढली तेव्हा दुखलं, मग थोडी वाट मोकळी झाली तेव्हा थांबलं, नेमकं त्याच वेळी पोटात गोळी होती म्हणून श्रेय गोळीला गेलं. म्हणून ॲसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही, हे गणित चुकीचं आहे. उलटंही चुकीचंच, जिभेखाली नायट्रेटची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी, गोळी ठेवल्यावर बरं वाटलं म्हणजे हार्टच, असंही नाही, अन्ननलिकेचा पेटकासुद्धा त्या गोळीने सुटतो.

आता ईसीजी. बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा कोनांतून बघणारा, ईसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद, बस. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असेल आणि तो भाग इलेक्ट्रोडच्या नजरेत असेल तर दिसतं. दुखणं ऐन जोरात असतानाचा ईसीजी आणि दुखणं ओसरल्यावरचा ईसीजी, पेशंट एकच, पण कागद दोन वेगळे. त्यामुळे छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत काढायचा हा नियम आहेच, पण तो नॉर्मल आला आणि संशय असला तर दर पंधरा-वीस मिनिटांनी परत काढायचा, आणि दुखणं वाढलं तर घड्याळ न बघता लगेच काढायचा, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग. तोच लोक विसरतात.

हे मी शिकलो तो प्रसंग सांगतो. रेसिडेन्सीतलं पहिलं वर्ष, एक पन्नाशीचा माणूस, ईसीजी स्वच्छ, मी म्हटलं स्नायूचं दुखणं असेल, पेनकिलर लिहून पुढच्या पेशंटकडे गेलो. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर दोनदा येऊन म्हणाल्या, डॉक्टर त्याचं काही बरं दिसत नाही, कुशीवर होतो, परत उठून बसतो, हात थंड लागतोय. मी दुसऱ्यांदा वैतागलो. त्यांनी मला न विचारता ईसीजी काढून आणला आणि टेबलावर ठेवला, पहिल्यानंतर पंचवीस मिनिटांनी, आणि त्यात हृदयाच्या समोरच्या भिंतीच्या सगळ्या लीडमध्ये एसटी, म्हणजे ठोक्याच्या टोकदार लाटेनंतरचा रेघेचा भाग, उचललेला होता. तो माणूस वाचला. त्यानंतर मी घामाने डबडबलेल्या माणसाच्या नॉर्मल ईसीजीवर कधी विश्वास ठेवला नाही, आणि सिस्टरवर वैतागणंही बंद केलं.

काही भाग तर ईसीजीला नीट दिसतच नाहीत. हृदयाची मागची भिंत घ्या, नेहमीचे इलेक्ट्रोड सगळे पुढे लावतो त्यामुळे मागचा अटॅक पुढच्या लीडमध्ये उलटा दिसतो, म्हणजे व्ही१ ते व्ही३ या छातीवरच्या लीडमध्ये एसटी खाली गेलेला. बघणाऱ्याच्या लक्षात आलं तर तो पाठीवर व्ही७, व्ही८, व्ही९ लावून बघतो आणि तिथे उचललेला एसटी सापडतो, नाही लक्षात आलं तर साधा इस्केमिया, म्हणजे नुसतं रक्त कमी पडतंय, म्हणून पेशंट पडून राहतो. तसंच उजव्या कप्प्याचं. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की उजव्या बाजूला व्ही४आर लावून बघायचं, कारण उजवा कप्पा सामील असेल आणि आपण सवयीने नायट्रेट दिलं तर बीपी धाडकन कोसळतं.

एक पॅटर्न मला सगळ्यात फसवा वाटतो, वेलन्सचा. १९८२ मध्ये डच डॉक्टर वेलन्स यांच्या टीमने तो मांडला. यात पेशंट येतो तेव्हा त्याला काहीही दुखत नसतं, मघाशी दुखत होतं म्हणतो, एसटी जवळपास जागेवर असतो, ट्रोपोनिन नॉर्मल किंवा जरासं वर, फक्त व्ही२-व्ही३ मध्ये टी वेव्ह, म्हणजे एसटीनंतरची लाट, आधी वर मग खाली अशी वळलेली किंवा खोल उलटी. आणि पुढची मोठी रक्तवाहिनी, एलएडी, सुरुवातीलाच एका धाग्यावर लटकलेली असते. अशा माणसाला आता दुखत नाहीये ना, मग ट्रेडमिलवर पळवून बघू, असं कुणी म्हणालं तर तो पट्ट्यावरच कोसळू शकतो. ईसीजी मशीन वरच्या कोपऱ्यात स्वतःच नॉर्मल की ॲबनॉर्मल छापतं, त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका, मशीनला पेशंटचा घाम दिसत नाही.

मग ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूपेशीतलं प्रथिन, पेशीला इजा झाली की रक्तात येतं. पण यायला वेळ लागतो. जुन्या किटमध्ये ३ ते ६ तास लागायचे, म्हणून पेशंटला सहा-सहा तास बसवून परत तपासायचो. आताच्या हाय सेन्सिटिव्हिटी किटमध्ये अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजता येतं, म्हणून पोचल्यावर एकदा आणि १ किंवा २ तासांनी परत, काही ठिकाणी ३ तासांनी, असं चालतं. तुमच्या वडिलांचं दोन तासांनी केलं ते याच हिशेबाने. दोनदा का, तर अटॅकच्या आजच्या व्याख्येतच, चौथी आवृत्ती आली २०१८ मध्ये, अट अशी आहे की ट्रोपोनिन ९९ व्या पर्सेंटाइलच्या, म्हणजे १०० निरोगी माणसांतल्या ९९ जणांचं ज्याच्या आत असतं त्या मर्यादेच्या, वर हवं आणि ते चढताना किंवा उतरताना दिसायला हवं, शिवाय स्नायूला रक्त कमी पडल्याचा दुसरा काही पुरावा हवा, म्हणजे तसं दुखणं, ईसीजीतला बदल, एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, नव्याने न हलणारी भिंत, असं काहीतरी.

चढ-उताराचा आग्रह कशासाठी? कारण नुसतं वाढलेलं ट्रोपोनिन बऱ्याच गोष्टींत मिळतं. किडनीचा जुना आजार, हार्ट फेल्युअर, फुप्फुसातली गुठळी, हृदयाच्या स्नायूची सूज, जोराचं इन्फेक्शन, बराच वेळ १८० ने धावणारे ठोके. किडनीच्या पेशंटचं ट्रोपोनिन कित्येकदा आज जेवढं आहे तेवढंच महिन्याभरापूर्वीही असतं, सपाट रेघ, तो अटॅक नाही. ट्रोपोनिन पॉझिटिव्ह आलं की लगेच अटॅक म्हणून नातेवाइकांना फोन करणारे ज्युनियर मी रोज बघतो, आणि दुसरीकडे दुखायला लागून एक तासही झाला नाही तोवर केलेलं ट्रोपोनिन निगेटिव्ह बघून पेशंटला घरी पाठवणारेही. दोघांनी परत तपासायला हवं होतं. वडिलांच्या केसमध्ये पहिलं किंचित वर, दुसरं बरंच वर, सोबत दाबल्यासारखं दुखणं आणि घाम, झालं निदान. ईसीजीने सही केली नाही तरी चालतं.

आता तुमचा खरा राग ज्यावर आहे ते, रात्रभर का ठेवलं. ऑफिसातल्या त्या माणसाला बहुतेक स्टेमी होता, म्हणजे एसटी उचललेला अटॅक, रक्तवाहिनी पूर्ण बंद. वाहिनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांत स्नायू मरायला लागतो, आतल्या थरापासून सुरुवात होऊन बाहेरच्या थराकडे सरकत जातो, आणि सहा ते बारा तासांत बहुतेक खेळ संपतो. तिथे एक-एक मिनिट म्हणजे स्नायू. म्हणून दारातनं थेट कॅथलॅब, पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडायची. कॅथलॅब दूर असेल आणि १२० मिनिटांत तिथे पोचणं शक्य नसेल तर थांबायचं नाही, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे एकाच झटक्यात देतात, आणि मग पेशंट हलवायचा. इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी परत ईसीजी, उचललेला एसटी निम्म्याहून जास्त खाली आला नसेल तर इंजेक्शन फेल समजून लगेच अँजिओप्लास्टी. आला असला तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी होतेच. आणि हे इंजेक्शन देण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचाच, महाधमनी तर फाटली नाहीये ना? एकदम फाडल्यासारखं, पाठीत जाणारं दुखणं, दोन्ही हातांच्या बीपीत फरक, अशा माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन गेलं तर तो हातातनं जातो.

एनस्टेमीमध्ये बहुतेक वेळा वाहिनी पूर्ण बंद नसते, अर्धवट किंवा येऊन-जाऊन बंद असते, रक्त थोडं का होईना जात असतं. तिथे धोका आहे तो गुठळी अजून वाढण्याचा, म्हणून आधी ती रोखायची. ॲस्पिरिन, त्याच्या जोडीला प्लेटलेटवरचं दुसरं औषध, रक्त गोठू न देणारं हेपरिन, आणि पेशंट सतत मॉनिटरवर. मग जास्त जोखमीच्या पेशंटची अँजिओग्राफी २४ तासांच्या आत. तुमच्या वडिलांची झाली ती त्यातच बसते. ती रात्र रिकामी नव्हती हो, तुम्हाला बाहेर खुर्चीवर बसून तसं वाटलं असेल, आत सलाईनमधून औषध चालू होतं आणि स्क्रीनवर प्रत्येक ठोका कुणीतरी बघत होतं.

पण याला अपवाद आहेत आणि ते मी मुद्दाम सांगतो, कारण एनस्टेमी म्हणजे निवांत असाही समज पसरलाय. औषधं देऊनही दुखणं थांबत नाही, बीपी पडतंय, फुप्फुसात पाणी भरतंय, व्हीटी-व्हीएफ सारखे जीवघेणे ठोके बिघडतायत, अशा वेळी एसटी उचललेला असो नसो, २ तासांत कॅथलॅब. आणि खरं सांगायचं तर स्टेमी-एनस्टेमी ही विभागणीच थोडी ढोबळ आहे, एनस्टेमी म्हणून ठेवलेल्या काही पेशंटमध्ये दुसऱ्या दिवशी वाहिनी पूर्ण बंद सापडते, खास करून बाजूची सर्कमफ्लेक्स नावाची वाहिनी, जी ईसीजीत गुपचूप असते. म्हणून माझं मत असं की लेबल काय लावलंय त्यापेक्षा दुखणं चालू आहे की थांबलंय हे जास्त विचारा. तुमच्या वडिलांचं दुखणं औषधं सुरू झाल्यावर थांबलं होतं का हे तुम्ही लिहिलं नाहीये. थांबलं असेल तर माझं वरचं उत्तर कायम, आणि रात्रभर दुखतच असेल तर मात्र तुमचा प्रश्न रास्त आहे, तो त्यांच्या डॉक्टरांना थेट विचारा.

ॲस्पिरिनवरनं आठवलं म्हणून एक गंमत. १९८८ मध्ये आयसिस-२ नावाचा मोठा अभ्यास छापून आला, १७,१८७ पेशंट, अटॅकमध्ये नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू साधारण २३ टक्क्यांनी कमी झाले, स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने २५, आणि दोन्ही मिळून ४२. छापण्याआधी त्यांच्याकडे मागणी झाली की वेगवेगळ्या गटांत काय फायदा झाला तेही दाखवा. संशोधकांनी गट तर दाखवलेच, वर जन्मराशीप्रमाणेही आकडे काढून ठेवले, त्यात मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा काही फायदा दिसेना! आकडे फार बारीक कापले की असा चमत्कार निघतो एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मिथुनवाल्यांनी गोळी बंद करू नये.

घरी अटॅकचा संशय आला तर ॲस्पिरिन साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून, म्हणजे लवकर रक्तात जातं. पण आधी ॲम्ब्युलन्सला फोन, आणि ते सांगतील तसं घ्यायचं, ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव असेल तर नाही. स्वतः गाडी चालवत जायचं नाही, कुणी सोडायला तयार असलं तरी ॲम्ब्युलन्स बरी, कारण पहिल्या तासा-दोन तासांत बरेच मृत्यू स्नायू मेल्यामुळे नाही तर ठोके बिघडल्यामुळे होतात, आणि त्यावर इलाज शॉकचं मशीन, ते सज्ज ॲम्ब्युलन्समध्ये असतं, तुमच्या मागच्या सीटवर नसतं. ऑक्सिजनचं म्हणाल तर पूर्वी सगळ्यांनाच लावायचो, आता सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच, कारण नॉर्मल सॅच्युरेशनवाल्यांना त्याचा फायदा होत नाही हे तपासून झालंय. तुमच्या वडिलांना मास्क लावला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

दुखणं कसं हवं यावर बऱ्याच जणांचे प्रश्न असतात म्हणून तेही पटकन. बोटाने दाखवता येतं, दाबलं की दुखतं, श्वास घेतला की टोचतं, कूस बदलली की फरक पडतो, असं असेल तर शक्यता कमी होते, शून्य होत नाही. दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जाणारं दुखणं असेल तर संशय वाढतो, डाव्याचंच कौतुक फार झालंय. बायका, डायबेटीसवाले आणि वयस्कर माणसं यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसता दम, अचानक आलेला थकवा, मळमळ, पोटाच्या वरच्या भागात दुखणं एवढंच असू शकतं, आणि अशांना उशिरा ओळखलं जातं हे आमच्या पेशाचं जुनं दुखणं आहे.

आता पुढचं. स्टेंट टाकला म्हणजे पाइप दुरुस्त, काम संपलं असं नाही. ॲस्पिरिन आणि दुसरं प्लेटलेटचं औषध, ही जोडी साधारण १२ महिने, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर कमी करतात. पण ती कमी करणार डॉक्टर, तुम्ही नाही आणि दात काढणारा डेंटिस्टही परस्पर नाही. नवीन स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचं एक ठळक कारण म्हणजे कुणीतरी गोळी मध्येच बंद केली, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता चिडायचीही ताकद राहिली नाही. कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन जोरदार डोसमध्ये, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ५५ मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर) खाली आणायचं बघतात, आणि ते आलं की औषध काम करतंय म्हणून चालू ठेवायचं, आलं म्हणून बंद नाही. सिगारेट असेल तर आजच बंद.

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी शोधा, कुठली वाहिनी होती, हृदयाची पंपिंग म्हणजे ईएफ किती राहिली, आणि बाकीच्या वाहिन्यांत काही शिल्लक ठेवलंय का. शेवटचं नसेल लिहिलेलं तर विचारून घ्या. आणि घरी जायच्या दिवशीचा ईसीजी मागून त्याचा फोटो वडिलांच्या आणि तुमच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. पुढे कधी रात्री छातीत दुखलं म्हणून जिथे कुठे जाल तिथला ड्युटीवरचा पोरगा नवीन ईसीजी हातात घेऊन पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, जुना आहे का?